तात्पुरती आठवण कायमची कशी होते?

परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेले महिन्याभरात का विसरते आणि माहिती कायमच्या स्मृतीत जाते म्हणजे नेमके काय होते, असे आपण विचारले आहे. मी सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. विद्यार्थीही हेच विचारतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मेंदूत आठवण एखाद्या एकाच कप्प्यात ठेवलेली नसते. अनुभव घेताना ज्या चेतापेशी एकत्र उत्तेजित होतात, त्यांच्यामधील जोडण्या बळकट होतात, आणि या बदललेल्या जोडण्यांच्या रूपानेच आठवण टिकते. या जोडण्या सुरुवातीला कुठे बांधल्या जातात, हे हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णामुळे उलगडले. १९५३ मध्ये अपस्मार थांबवण्यासाठी त्यांच्या मेंदूतील दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (कानशिलाच्या आत खोलवर असलेल्या मेंदूच्या भागाचा) बराचसा अंश काढला गेला. त्यानंतर नुकताच भेटलेला माणूस ते काही मिनिटांत विसरत, पण बालपण त्यांना आठवत असे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला लावली, तेव्हा त्यांचा हात दिवसेंदिवस सफाईदार होत गेला. मात्र हे आपण पूर्वी कधी केले आहे, याची त्यांना आठवण नसे. म्हणजे नवी घटना नोंदवायला हिप्पोकॅम्पस लागतो, फार जुन्या आठवणी मुख्यतः मेंदूच्या बाह्य थरावर विसंबतात आणि हाताचे कौशल्य वेगळ्याच वाटेने मुरते.

हिप्पोकॅम्पसवरचा हा भार बाह्य थराकडे जाण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. उंदीर जागा असताना हिप्पोकॅम्पसमधील ज्या पेशी एकत्र उत्तेजित होतात, त्याच नंतरच्या झोपेत पुन्हा एकत्र उत्तेजित होतात, असे विल्सन आणि मॅकनॉटन या संशोधकांनी १९९४ मध्ये दाखवले. अशा उजळणीतून बाह्य थरातील जोडण्या हळूहळू पक्क्या होतात, असे मानले जाते. रात्रभर जागून अभ्यास करणारा विद्यार्थी नेमकी हीच उजळणी गमावतो, आणि याचे मला खरोखर वाईट वाटते.

आठवण काढली की ती काही काळ पुन्हा बदलण्याजोगी होऊ शकते, हेही ध्यानात घ्यावे. आमच्याकडे २००५ आणि २०१९ असे कृष्णेचे दोन महापूर पाहिलेली माणसे आयर्विन पुलाजवळचे पाणी इतक्या वेळा वर्णन करून सांगतात की, एका पुरातील तपशील दुसऱ्यात मिसळून जातो. त्यात खोटेपणा नसतो.

पण आठवून पाहण्यानेच आठवण टिकाऊही होते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले, पण आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. म्हणून धडा वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवेल ते लिहावे, चुका पुस्तकाशी ताडून पाहाव्यात आणि दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याने, पुन्हा तसेच करावे.