एनएचएल (उत्तर अमेरिकेतली आइस हॉकीची सर्वांत मोठी लीग) ड्राफ्टच्या, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्याच्या आधी, ज्युनिअर लीगमधल्या सेंटरची (फळीतल्या मधल्या खेळाडूची) पारख कशी करावी? ज्याचे पॉइंट्स (गोल आणि गोलला केलेली मदत) जास्त तोच वर धरावा का?

नाही. नुसत्या पॉइंट्सवरून सेंटर निवडणाऱ्यांशी माझं पटत नाही आणि पटणारही नाही. माझे धाकटे दीर त्यातलेच. आमचा हा वाद कित्येक वर्षं चालू आहे, त्यामुळे तुमचा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवलं नाही.

आधी एक उदाहरण घ्या. 2014-15 च्या मोसमात ओएचएलमध्ये (ऑन्टारियो हॉकी लीग, कॅनडातली ज्युनिअर लीग) सर्वांत जास्त पॉइंट्स कॉनर मॅकडेव्हिडचे नव्हते, त्याच्याच ईरी ऑटर्स संघातल्या डिलन स्ट्रोमचे होते, 129. हात मोडल्यामुळे मॅकडेव्हिड 47 सामनेच खेळला आणि तेवढ्यात त्याने 120 केले. लंडन नाइट्सच्या मिच मार्नरचे 126. ड्राफ्टमध्ये मॅकडेव्हिड पहिला गेला, स्ट्रोम तिसरा, मार्नर चौथा. मार्नर सेंटर म्हणून निवडला गेला आणि नाव कमावलं विंगर (बाजूचा खेळाडू) म्हणून. स्ट्रोमचा ॲरिझोनात जम बसला नाही, 2018 मध्ये त्याला शिकागोला पाठवून दिलं आणि त्याचा खरा सूर लागला तो पुढे वॉशिंग्टनमध्ये. त्याच ड्राफ्टमध्ये फिनलंडचा सेबॅस्टियन आहो 35 व्या क्रमांकापर्यंत कुणी उचलला नव्हता. आज कॅरोलायनाचा पहिला सेंटर तोच आहे.

आता आमच्या पोराबद्दल सांगते. आम्ही ऑन्टारियोतल्या एका ओएचएल गावात राहतो आणि बिलेट फॅमिली आहोत. म्हणजे संघातला एखादा मुलगा मोसमभर आमच्याकडे राहतो, जेवतो, इथूनच शाळेत जातो. त्यातला एक सेंटर त्याच्या ड्राफ्टच्या वर्षी आमच्याकडे होता. नाव सांगत नाही, त्याला ते आवडणार नाही. वर्षभर त्याचा घरचा एकही सामना मी चुकवला नाही. माझी जागा गोलच्या मागे, कोपऱ्यात. सेंटर बघायचा असेल तर तिथूनच बघा. टीव्हीचा कॅमेरा पकच्या मागे धावतो, आणि सेंटरचं खरं काम पक दुसऱ्याकडे असताना चाललेलं असतं.

फेब्रुवारीतला एक सामना मला अजून लख्ख आठवतो. आमचा संघ एका गोलने पुढे, शेवटची दोन मिनिटं, फेसऑफ (पंच दोघांच्या मध्ये पक टाकतो तो) आमच्याच झोनमध्ये. कोचने पॉवर प्लेवरचे (समोरचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना खेळणारे) एकोणीस-वीस वर्षांचे दोन्ही सेंटर बाकावर ठेवले आणि याला पाठवलं. फेसऑफ तो हरला. पण हरताना समोरच्याची स्टिक त्याने अशी अडकवून धरली की त्याला पकपर्यंत पोचताच आलं नाही. पक बोर्डाला घासत कोपऱ्यात गेला. आमचा डिफेन्समन तिकडे धावला, तसा हा त्याने सोडलेल्या जागेवर, गोलच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. तेवढ्यात दोनदा मान वळवून मागे पाहून घेतलं. समोरचा विंगर स्लॉटमध्ये (गोलसमोरच्या जागेत) घुसला, याने त्याची स्टिक खालून उचलली, पास तसाच पुढे निघून गेला. सुटलेला पक घेऊन स्वतः पळाला नाही, दोन हातांवरच्या आपल्या विंगरला दिला आणि पक झोनच्या बाहेर गेला. सामना जिंकलो. माझ्या शेजारी भावजी बसले होते. फोनवर आकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुमचा मुलगा आजही कोराच." समोर एवढं सगळं घडलं आणि ते यांना दिसलंच नव्हतं.

तो कोरा का राहायचा, हेही त्यांनी कधी विचारलं नाही. तो तिसऱ्या लाइनवर (फळीत). दोन्ही बाजूंना सोळा वर्षांची नवखी पोरं. पॉवर प्लेवर त्याला उभं करत नव्हते. पेनल्टी किलला (आपला खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना बचावाला) मात्र सर्वांत आधी तोच. त्यात जन्म ऑगस्टचा. ड्राफ्टसाठी 15 सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे हा त्या गटातला जवळजवळ सर्वांत लहान. भावजी त्याची तुलना ज्याच्याशी करायचे तो आधीच्या वर्षीच्या ऑक्टोबरचा. सतराव्या-अठराव्या वर्षी दहा महिन्यांनी अंगात केवढा फरक पडतो, हे घरात वाढतं मूल असलेल्या कुणालाही कळेल. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म 17 सप्टेंबर 1997 चा. दोन दिवसांनी त्याचा 2015 चा ड्राफ्ट हुकला आणि 2016 मध्ये तो पहिला गेला. म्हणून कुठलाही तक्ता उघडलात की आधी जन्मतारीख बघा, मग पॉइंट्स.

आणि पॉइंट्स बघायचेच तर फोडून बघा. समसमान खेळाडू बर्फावर असताना किती आणि पॉवर प्लेवर किती? शेजारी विंगर कोण होते? आघाडी टिकवायची असताना कोच कुणाला पाठवतो? मला विचाराल तर हा शेवटचा प्रश्न एकटाच बाकी सगळ्यांना भारी आहे. कोचची नोकरी त्या दोन मिनिटांवर असते, तिथे तो लाड करत नाही.

याद्यांचं म्हणाल तर सेंट्रल स्काउटिंगची (एनएचएलच्याच पारखी विभागाची) यादी जानेवारीत आणि एप्रिलमध्ये येते, उत्तर अमेरिकेची वेगळी, युरोपची वेगळी. ती नजरेखालून घाला. बाकीच्या मॉक ड्राफ्टवर (ड्राफ्टच्या अंदाजी याद्यांवर) मी वेळ घालवत नाही. त्यातल्याच एका यादीत आमच्या पोराबद्दल दोन ओळी होत्या: स्केटिंग जड, आक्रमणात पुढे वाव नाही. ते वाचल्यावर तो दोन दिवस जेवणाच्या टेबलावर मान वर करत नव्हता. ज्याने लिहिलं त्याने त्याचे किती सामने बसून पाहिले होते, हे मला आजही जाणून घ्यायचं आहे. बफेलोच्या कम्बाइनचं (ड्राफ्टआधीच्या शारीरिक चाचण्यांचं) बोलावणं त्याला आलंच नाही. आलं असतं तरी सायकलवर पाय किती जोरात फिरतात हे तिथे कळतं, स्लॉटमध्ये कुणाची स्टिक कधी उचलायची हे कळत नाही.

शेवटी दुसऱ्या दिवशी सहाव्या फेरीत त्याचं नाव आलं. आता तो एएचएलमध्ये (एनएचएलच्या खालच्या लीगमध्ये) आहे, तिसऱ्या लाइनचा सेंटर, आणि पेनल्टी किलला आजही पहिला. भावजींचं म्हणणं, सहावी फेरी म्हणजे त्यांचाच अंदाज खरा ठरला. पावेल दात्सुक 171 वा गेला होता, पॅट्रिस बर्जरॉन 45 वा, ब्रेडन पॉइंट 79 वा. बर्जरॉनने पुढे सहा वेळा सेल्की ट्रॉफी (बचावात सर्वांत चांगल्या फॉरवर्डची) घेतली. आमचा पोरगा त्यांच्या पंक्तीला बसेल असं मी म्हणत नाही. उशिरा नाव आलं म्हणजे पारख संपली, एवढंच मला मान्य नाही.

आता दोन गोष्टी मान्य करायला हव्यात. अगदी वरच्या मुलांच्या बाबतीत पॉइंट्स खोटं बोलत नाहीत. कॉनर बेडार्डने ड्राफ्टच्या मोसमात 57 सामन्यांत 143 केले, तिथे कोपऱ्यात बसून स्टिका बघायची गरज नव्हती. दुसरं म्हणजे मी जे बघते ते ओएचएलच. पश्चिमेकडच्या किंवा क्यूबेकच्या लीगमधल्या आणि युरोपातल्या मोठ्या माणसांच्या लीगमध्ये खेळणाऱ्या मुलांना हे मोजमाप जसंच्या तसं लावू नका. स्केटिंगही महत्त्वाचं आहेच, पण ते शिकवता येतं. बो होर्व्हाटच्या स्केटिंगला ड्राफ्टच्या वेळी नावं ठेवत होते, त्याने मेहनतीने ते सुधारलं. न बघता मागचा माणूस ओळखणं मात्र अठराव्या वर्षानंतर कुणी शिकलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

भावजी हे उत्तर वाचतीलच, म्हणून एक प्रश्न त्यांना. 2020-21 मध्ये कोविडमुळे ओएचएलचा अख्खा मोसम रद्द झाला. त्या मोसमात विंडसरच्या वायट जॉन्स्टनच्या नावापुढे लीगचा एकही पॉइंट नव्हता, होती ती टेक्सासमधली अठरा वर्षांखालची जागतिक स्पर्धा. तरी डॅलसने त्याला 23 वा उचलला. पुढच्याच मोसमात तो 124 पॉइंट्स करून ओएचएलमध्ये पहिला आला आणि त्यानंतरच्या वर्षी एनएचएलमध्ये 24 गोल केले. भावजी, तुमच्या तक्त्याने 2021 साली त्याला कितवा धरला असता, तेवढं खाली लिहा.