सकाळी बंद, दुपारी चालू : गाडीच्या वायरिंगचा प्रश्न

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक २०१३ सालची असून मालवणला किनाऱ्यालगतच्या घरासमोर उघड्यावर उभी असते. पावसाळा लागल्यापासून सकाळी सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज येतो, मीटरमधले दिवे मंद होतात आणि कधीकधी सेंट्रल लॉक आपोआप उघडते-लागते. थोड्या वेळाने तीच गाडी एका झटक्यात सुरू होते, त्यामुळे गॅरेजमध्ये नेल्यावर दोष दिसतच नाही. बॅटरी आणि अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलून झाले. आता मेकॅनिक ईसीएम (इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक) बदलायला सांगतो, तर घरच्यांच्या मते ही गाडी काढून घाटावरची एखादी चांगली जुनी गाडी घ्यावी. काय करावे? — एक वाचक, मालवण

उत्तर : ईसीएम तूर्त बदलू नका आणि गाडी विकण्याचा निर्णयही या दोषावरून घेऊ नका. सेल्फ, मीटर आणि सेंट्रल लॉक हे तीन वेगवेगळे भाग एकाच वेळी बिघडणे आणि एकाच वेळी बरे होणे संभवत नाही. या तिघांत सामाईक असतो तो विजेचा पुरवठा, विशेषतः बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी अर्थची केबल. किनारपट्टीवर पहिला संशय तिच्यावरच घ्यायला हवा. खाऱ्या वाऱ्याने बोल्टखाली क्षार बसतो, तो हवेतला ओलावा ओढून घेतो आणि जोड आतून गंजत जातो. अशा जोडात धातूला धातू मोजक्या ठिकाणीच टेकलेला असतो, त्यामुळे उष्णता, हादरा किंवा ओलावा यांत जरासा बदल झाला तरी संपर्क जुळतो किंवा तुटतो. शिवाय सकाळी गार इंजिन फिरवायला सेल्फला करंटही जास्त लागतो.

पुष्कळ ठिकाणी मल्टिमीटरचा ‘बीप’ वाजला की वायर चांगली आहे असे समजले जाते, आणि फसगत होते ती इथेच. समजा, गंजलेल्या जोडात फक्त ०.०१ ओहमचा अडथळा आहे. साध्या मीटरवर तो कळणारही नाही. परंतु सेल्फ फिरताना १५० अँपिअर करंट वाहू लागला की त्याच जोडावर दीड व्होल्ट खर्ची पडतात आणि सेल्फपर्यंत पुरेसा दाब पोहोचतच नाही. म्हणून तपासणी करंट वाहत असताना व्हायला हवी, आणि तीही दोष हजर असताना. गाडी गॅरेजमध्ये नेण्याऐवजी वायरमनला सकाळी, गाडीला कोणी हात लावण्यापूर्वी, घरी बोलवा. हे जमणार नसेल तर गाडी आदल्या संध्याकाळीच त्याच्या दारात उभी करा. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून त्याची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (तिला आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नव्हे) आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूवर टेकवावी आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. मीटरवर ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी आकडा यावा. अर्धा व्होल्ट किंवा अधिक आला तर दोष त्याच मार्गात आहे. हीच मोजणी खुंटी आणि बॉडी यांच्यात, तसेच पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फचा बोल्ट यांच्यात करावी. बॅटरीचीही खात्री करून घ्यावी : पूर्ण चार्ज होऊन काही तास स्थिर राहिल्यावर १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ फिरताना साधारण १० च्या खाली न जाणारे आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत.

क्लॅम्पजवळ केबलचे आवरण बोटांनी दाबून पाहा. आतली तार चांगली असेल तर केबल लवचीक लागते. आत तांब्याची हिरवट भुकटी झाली असेल तर ती फुगलेली, कडक लागते आणि वाकवली की आतून करकरते. अशी केबल घासून सुधारत नाही, ती नवीनच घालावी. बाकीच्या ठिकाणी आधी निगेटिव्ह क्लॅम्प सोडून अर्थचे बोल्ट काढावेत, बॉडीवरची ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासावी, बोल्ट घट्ट आवळावा आणि मगच वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली लावावी. एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना (वायरी जोडणाऱ्या प्लगांना) मात्र हात लावू देऊ नका.

ईसीएमबद्दल इतकेच सांगतो की व्होल्टेज खाली गेले की स्कॅनरवर एकमेकांशी संबंध नसलेले, दोष दाखवणारे अनेक कोड उमटतात. ते पुष्कळदा परिणाम असतात, कारण नव्हे.

गाडी ठेवायची की नाही, हे ठरवायचे ते पत्र्यावरून. गाडी वर उचलून दारांखालचा सिल, फ्लोअर आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला बसते त्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. तिथला पत्रा भुसभुशीत झाला असेल तर वायरिंग कितीही उत्तम केले तरी ती गाडी सुरक्षित नाही, आणि ती विनाविलंब बदलावी. पत्रा शाबूत असेल, तर २०२८ मध्ये नोंदणीची १५ वर्षे पूर्ण होऊन फिटनेस आणि नूतनीकरणाचा प्रश्न येईपर्यंत ती वापरायला हरकत नाही.

घाटावरच्या गाडीचा पत्रा किनाऱ्यावरच्या गाडीपेक्षा सहसा चांगला निघतो, हे घरच्यांचे म्हणणे रास्त आहे. तरीही नंबर प्लेट पाहून निश्चिंत होऊ नका. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला पुराचे पाणी वस्तीत शिरले, आणि पाण्यात बुडालेल्या गाडीच्या कपलरांत आपल्याला आज छळणारा हाच रोग काही महिन्यांनी उद्भवतो. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का ते पाहा. सीटच्या रुळांचे बोल्ट, कार्पेटखालचा पत्रा आणि डिकीतली स्टेपनीची खोबण तपासा. बाहेरून लावलेले, टेपने गुंडाळलेले जादा वायरिंग दिसले तर त्या गाडीचा विचार सोडून द्या. नवीन गाडी घेणार असाल तर जवळचे अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते आधी विचारा आणि एअरबॅग व एबीएसमध्ये तडजोड न करता साधे व्हेरियंट निवडा, कारण जितकी इलेक्ट्रॉनिक साधने अधिक, तितके गंजणारे जोडही अधिक. विजेवरच्या गाडीतही दिवे, लॉक आणि नियंत्रणासाठी १२ व्होल्टची बॅटरी असतेच, तेव्हा अर्थची काळजी तिथेही सुटत नाही.

जुन्या गाडीचा व्यवहार ठरलाच, तर विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागून घ्या आणि आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो उतरल्याची नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विसार देऊ नका.