आईसोबत बघायचा सिनेमा

प्रश्न : बाबांना जाऊन वर्ष झालं. आई दिवसभर मालिका लावून ठेवते, पण लक्ष नसतं. रविवारी घरीच दोघींनी मिळून बघावा असा सिनेमा सुचवा. रडका नको, आचरटही नको.
– एक वाचक, मिरज

उत्तर : ‘तिथी’ बघा. कन्नड आहे, राम रेड्डींचा पहिलाच सिनेमा. २०१५ साली स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नोच्या चित्रपट महोत्सवात त्याला पुरस्कार मिळाला. सुरुवातच मरणाने होते, म्हणून सुचवण्याआधी मी दोनदा विचार केला. तरीही हाच सुचवते.

रस्त्याकडेला बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालणारा एकशे एक वर्षांचा म्हातारा लघवीला म्हणून उठतो आणि तिथेच कोसळतो. मग अकराव्या दिवसाच्या विधीपर्यंतची घरच्यांची धावपळ. तिकडे त्या विधीलाच ‘तिथी’ म्हणतात. नातवाला जमीन विकायची घाई, पणतू मेंढपाळांच्या पोरीमागे, आणि मुलगा गड्डप्पा? पांढरी दाढी, तोंडात बिडी, बरोबर ब्रँडी. बाप गेल्याचं कळलं तरी त्याचं भटकणं चालूच. मंड्या जिल्ह्यातल्या खेड्यातल्याच माणसांनी कामं केली आहेत. चेहऱ्याला रंग फासून मुद्दाम गावंढळ केलेलं कुणी नाही. सहलेखक एरेगौडा त्याच भागातले, त्यामुळे माणसांचं बोलणं अगदी घरचं वाटतं.

माझी आई निपाणीची. खालची इंग्रजी अक्षरं यायच्या आत तिला हसू फुटायचं. पंगतीची तयारी बघता बघता ती एकदम म्हणाली, “तुझ्या आजोबांच्या तेराव्याला आचारी आलाच नव्हता. तुझ्या बाबांनी भात टाकला, तो खाली लागला.” ही गोष्ट तिने मला कधीच सांगितली नव्हती. सिनेमा थांबवून आम्ही अर्धा तास त्या करपलेल्या भातावर बोलत बसलो.

शिव्या भरपूर आहेत, ते आईंना आधी सांगून ठेवा. विधी बघताना त्यांना जड गेलं तर सरळ बंद करा, पुन्हा कधीतरी बघता येईल. मात्र रात्री शेकोटीपाशी गड्डप्पा मेंढपाळांना स्वतःची गोष्ट सांगायला लागला, की चहा ठेवायला उठू नका. तोवर हसवणारा हा म्हातारा भटकत का राहिला, ते तिथे कळतं. चहा आधीच थर्मासमध्ये भरून ठेवा.