बोटीच्या टाकीत नवा फ्युएल सेंडर (टाकीतल्या पेट्रोलची पातळी मीटरला कळवणारा भाग) बसवला, पण मीटरचा काटा उलटा चालतो. काय चुकलं असेल?

पानशेतच्या पाण्यावरची तुमची बोट पेट्रोलची, टाकी प्लास्टिकची, आणि टाकी रिकामी असताना काटा 'फुल'वर जातो. एवढ्यावरून सांगतो: सेंडर बिघडलेला नाही, तो तुमच्या मीटरचा जोडीदार नाही. अमेरिकी पद्धतीच्या मीटरला सेंडरकडून रिकाम्या टाकीत २४० ओहम (विजेच्या रोधाचं माप) लागतात आणि भरलेल्या टाकीत ३३. युरोपीय पद्धतीत नेमकं उलट, रिकामी १० आणि भरलेली १८०. वायरी अदलाबदल करून हे सुधारत नाही. सेंडरच्या वरच्या चकतीची पाच भोकं दोन्ही प्रकारांत सारखीच असू शकतात, त्यामुळे सेंडर चपखल बसतो आणि माणूस फसतो.

पुण्याच्या नाना पेठेत सेंडर बदलून घ्यायला जाल तेव्हा मल्टिमीटर सोबत न्या. फ्लोट (सेंडरचा पेट्रोलवर तरंगणारा भाग) हाताने खाली-वर करून ओहम काउंटरवरच मोजा. दुकानदाराला घाई असली तरी मोजाच.

तुमचं मीटर कुठल्या पद्धतीचं, हे तपासायला चावी चालू करून मीटरमागची 'एस'ची, म्हणजे सेंडरकडून येणारी वायर सोडवा. काटा रिकाम्याच्या बाजूला पडला तर अमेरिकी, 'फुल'कडे गेला तर युरोपीय. ही तपासणी मीटरपाशीच करा, टाकीजवळ कधीच नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बोटीच्या तळाशी साचून राहते आणि तिला एक ठिणगी पुरते. टाकी उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, सगळी झाकणं उघडून वारा खेळू द्या. बोटीत तुमची माणसं बसणार आहेत, इथे घाई नको.

जोडणी सोपी आहे. मीटरचा 'आय' चावीतून येणाऱ्या १२ व्होल्टला, 'जी' निगेटिव्हला, 'एस' सेंडरच्या मधल्या स्क्रूला. टाकी प्लास्टिकची असल्याने सेंडरच्या चकतीपासून निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर ओढावीच लागेल. सेंडरला थेट १२ व्होल्ट कधीही देऊ नका. आतली बारीक तार जळते, तीही पेट्रोलच्या टाकीत.

वायर कथिलाचा मुलामा दिलेली तांब्याची घ्या, टोकाला गोल थिंबल (स्क्रूत अडकवायची धातूची कडी) दाबून बसवा, वरून हीटश्रिंक नळी चढवा. पॅकिंग नायट्राइल रबराचंच हवं, कारण साधं रबर पेट्रोलमध्ये फुगतं. फ्लोटचा दांडा टाकीच्या खोलीप्रमाणे लावा, भिंतीला घासत नाही ना ते पाहा. मग बॅटरी जोडण्याआधी टाकी भरून चकतीभोवती कोरडं फडकं फिरवा. फडक्याला पेट्रोलचा वास आला तर स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा.