बाळासाठी कॉट ऑनलाइन घ्यावी, सुताराकडून करून घ्यावी की पाळण्यावरच भागवावं?

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात गोडोलीला घर आहे, बाळाला अजून दोन-अडीच महिने आहेत, वरची खोली बाळासाठी म्हणून रंगवून ठेवलीय, आणि घरात तीन मतं पडलीत. तुम्हाला ऑनलाइन बघितलेली पांढरी कॉट आवडलीय, जिची एक बाजू खाली सरकते. वडील म्हणतात ओळखीच्या सुताराकडून सागवानी, कोरीव कामाची करून घेऊ. आणि आईंचं म्हणणं, घरात पाळणा असताना कॉट कशाला.

मी सांगलीत सुतारकाम करतो, वडिलांच्या काळापासून. त्यामुळं ‘सुताराकडूनच करून घ्या’ असं मी सांगणार असं वाटेल. पण मी आयुष्यात केलेली पहिली कॉट मी स्वतःच्या हातानं फोडलीय, तेव्हा आधी ते सांगतो.

बहिणीला पहिली मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. मामाची हौस. चार फूट बाय दोन फूट, सागवान, वरच्या पट्टीवर मोर कोरलेला. गल्लीतली माणसं बघायला आली होती. गज मात्र एका बाजूला अकराच बसवले. सहा सुताचा गज (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि चार फुटांत अकरा, म्हणजे दोन गजांमधली फट होते सव्वातीन इंचाची. तेव्हा मी हा हिशोब केलाच नव्हता. मोकळं-मोकळं छान दिसत होतं, लाकूड वाचत होतं, बस्स. भाची सात महिन्यांची असताना एका दुपारी बहिणीला कण्हल्यासारखा आवाज आला. जाऊन बघते तर पोरगी पायांकडून फटीतून बाहेर सरकलेली, अंग बाहेर लोंबतंय आणि डोकं आत अडकलेलं. बहीण शेजारच्याच खोलीत होती म्हणून निभावलं. तिनं पोरीला खालून उचलून धरलं आणि शेजारच्या काकांनी गज मोडला. मी रात्री जाऊन उरलेली कॉट फोडली. मोराची पट्टी अजून माझ्याकडं आहे, दुकानात टांगलीय.

आपल्याला वाटतं, डोकं जाणार नाही एवढी फट असली म्हणजे झालं. पण बाळ डोक्याकडून जातच नाही. आधी पाय जातात, मग कुल्ले, मग छाती. ते अंग कोवळं असतं, दबून निघतं. डोकं तेवढं मोठं आणि टणक, ते राहतं आत, आणि सगळं वजन मानेवर येतं. म्हणून फटीचं माप डोक्यावरून काढायचं नाही, कुल्ल्यांवरून काढायचं. पुढं एका गिऱ्हाइकानं, तो परदेशात नोकरी करून आलेला, मला लिहूनच दिलं: अमेरिकेत ही फट जास्तीत जास्त ६ सेंटिमीटर चालते, युरोपात साडेचार ते साडेसहा. आमच्या भाषेत ६ सेंटिमीटर म्हणजे दोन इंच तीन सूत. त्या दिवशी मी त्याच मापाचा सागाचा एक ठोकळा केला आणि दुकानात खिळ्याला अडकवला. कॉट तयार झाली की ठोकळा प्रत्येक फटीतून घालून बघायचा. एका जरी फटीतून पार गेला तरी कॉट दुकानाबाहेर जात नाही.

तुम्हीही असा ठोकळा करून घ्या, कुठलाही सुतार पाच मिनिटांत कापून देईल. साताऱ्यात दुकानात जाल तेव्हा खिशात ठेवा. ऑनलाइन मागवलीत तर डबा फोडल्यावर पहिलं काम तेच, कारण परत पाठवायची मुदत चालू असते. आणि नुसतं घालून बघू नका. शेजारचे दोन गज दोन हातांत धरून एकमेकांपासून लांब ताणा आणि मग ठोकळा घाला. बारीक गज असले तर ते वाकतात आणि फट वाढते. ही गोष्ट टेपनं मोजणाऱ्याला कळत नाही.

वडिलांच्या ओळखीच्या सुताराकडून करणार असाल तर त्याला एवढंच सांगा: आतली लांबी चार फूट, गज सहा सुताचा, तर एका बाजूला पंधरा गज. चौदा बसवले की फट अडीच इंच होते, म्हणजे ठोकळा पार. तो म्हणेल ‘साहेब, एवढे दाट कशाला, तुरुंग दिसंल’. दिसू दे. आणि कोरीव काम नको म्हणून सांगा. जाळीदार नक्षीच्या भोकांत बोटं, हात अडकतात, आणि कोपऱ्यावर वर आलेले ते लट्टूसारखे कळस असतात ना, त्यात झबल्याचा गळा किंवा गळ्यातला काळा दोरा अटकतो. कोपरे वरच्या पट्टीशी सपाट. हौसच असेल तर नाव कोरा, तेही बाहेरच्या अंगाला.

आता तुमची पांढरी, सरकत्या बाजूची कॉट. ती नको. अमेरिकेत अशा कॉट विकायला जून २०११ पासून बंदी आहे. २००० सालापासूनच्या दहाएक वर्षांत तिथं किमान ३२ बाळं अशा कॉटमध्ये दगावली होती. सुतार म्हणून मला त्याचं नवल वाटत नाही. बाजू रोज दहा वेळा खाली-वर होणार, ती धरून ठेवणारा खटका बहुतेक वेळा प्लास्टिकचा. तो एका टोकाला झिजला की बाजू तिरकी सुटते, आणि गादी आणि बाजू यांच्यामध्ये पाचरीसारखी फट तयार होते. बाळ लोळत जाऊन त्यात तोंड खाली घालून अडकतं. वरून बघितलं तर बाजू लागलेलीच दिसते.

तुम्ही ती का बघितली असेल ते मला कळतं. सिझेरियन झालं तर वाकता येत नाही, आणि नाही झालं तरी बाळंतिणीची कंबर कंबरच असते. त्याला उपाय सरकती बाजू नाही, सरकता तळ आहे. चारही बाजू पक्क्या, आणि आत तळाची फळी दोन-तीन उंचींवर बोल्टनं बसेल अशी. पहिले काही महिने तळ वर, म्हणजे मिसेसना वाकावं लागणार नाही. बाळ बसायला लागायच्या बेताला आलं की खाली. धरून उभं राहायला लागायच्या आत सगळ्यात खाली, आणि तेव्हा गादीच्या वरपासून कठड्यापर्यंत निदान २० इंच उरले पाहिजेत. हे पुढं ढकलू नका. आज बसतंय, उभं कुठं राहतंय म्हणेपर्यंत पोरगं कठड्यावर पोट टेकवून खाली वाकलेलं असतं. आणि मूल ३५ इंचांचं झालं की कॉटचं काम संपलं.

गादीवर लोक फार घोळ घालतात. कॉट माझ्याकडून नेतात आणि गादी कापसाची, गादीवाल्याकडून, कारण कापूस थंड. मी गादीवाल्याला चार फूट बाय दोन फूट सांगितलेलं असतं. तो खोळ तेवढीच कापतो, कापूस भरतो, आणि भरल्यावर खोळ फुगून चारी बाजूंनी आत ओढली जाते. हातात येते ती दीड-दोन इंच आखूड. कडेला दोन बोटं सहज बसली तर गादी लहान आहे, मग ती कितीही चांगली असो. कडेच्या फटीत दुपटी कोंबून भरणं हा उपाय नव्हे. शिवाय कापूस सहा महिन्यांत बसतो आणि मधे खळगा पडतो. मी काथ्याची किंवा घट्ट फोमची, कॉटच्या आतल्या मापाला कापून घ्यायला सांगतो. जाडी चार-पाच इंच पुरे, जास्त झाली तर कठड्याची उंची खाते. तळहात दाबून उचला, खड्डा राहिला तर मऊ आहे. मोठ्यांना कडक वाटते तीच बाळाला बरोबर.

गादीवर फक्त ताणून खोचलेली चादर. उशी नाही, लोड नाही, कडेनं बांधायच्या त्या गुबगुबीत पट्ट्या नाहीत (अमेरिकेनं २०२२ मध्ये त्यांवरही कायद्यानं बंदी आणली), टेडी नाही, जाड वाकळ नाही. आणि बाळाला पाठीवर झोपवायचं. इथं तुमच्या आई मोहरीच्या उशीचा विषय काढतील, डोकं गोल होण्यासाठी. माझ्या आईनंही काढला होता. मी वाद घातला नाही. म्हटलं, बाळ जागं असताना तू मांडीवर घेऊन बसशील तेव्हा ठेव, झोपताना नको. तिला ते पटलं, की मांडीवर घ्यायला मिळतंय म्हणून पटलं, कोण जाणे.

मच्छरदाणी लागणारच. कॉटच्या बाहेरून, ताणून बसवा, आत लोंबती नको. कॉटच्या वर टांगलेलं चिमणाळं पाच महिन्यांच्या सुमाराला, बाळ हातांवर रेटून उठायला बघतंय असं दिसलं की काढून ठेवा.

रंगाबद्दल. नातेवाइकांची जुनी रंगवलेली कॉट मिळत असेल तर मी नको म्हणेन. आपल्याकडं घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये काय होतं ते तुम्हाला-मला डोळ्यांनी कळणार नाही, आणि दात येताना बाळ कठडाच चावतं. घासून नवा रंग देऊ म्हणाल तर ती घासलेली धूळच जास्त वाईट. नवीन करताना लाकूड पॉलिश पेपरनं गुळगुळीत करून घ्या, पाण्यात चालणारा चांगला रंग किंवा पॉलिश द्या, आणि बाळ घरी यायच्या महिनाभर आधी उघड्या खिडकीत वास जाऊ द्या. तुमच्याकडं वेळ आहे, पण बसून राहण्याइतका नाही.

सागवानच पाहिजे असं काही नाही. रबरवुड, आंबा, कुठलंही वाळलेलं लाकूड चालतं. जोड मात्र खिळ्यांचे नकोत, नट-बोल्टचे घ्या. हे मला २०१९ च्या पुरानं शिकवलं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा गावभागातलं माझं एक गिऱ्हाईक दीड महिन्याचं बाळ आणि बाळंतीण घेऊन होडीतून निघालं. मी खिळे-फेविकॉलनं पक्की केलेली कॉट त्या जिन्यातून उतरेचना. आत बसवली होती, बाहेर काढता येत नव्हती. पाणी उतरल्यावर तिच्या फळ्या फुगून केळीच्या सालीसारख्या सुटल्या होत्या. तुमच्याकडं पूर नाही, पण जिना आहे, आणि पहिलं बाळंतपण माहेरी असेल तर कॉटही फिरणार. फक्त बोल्ट महिन्यातून एकदा आवळा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आटतं, मार्च-एप्रिलमध्ये सगळे बोल्ट कुरकुरतात.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वरच्या खोलीबद्दल बोलतोच. रंगवली ते छान केलंत. पण पहिले निदान सहा महिने कॉट तुमच्याच खोलीत, पलंगाशेजारी ठेवा, डॉक्टर मंडळीही तेच सांगतात. रात्री तीनदा जिना चढून बघा म्हणजे पटेल. खिडकीखाली नको, पडद्याच्या दोरीजवळ नको, देवाच्या तसबिरीखाली तर अजिबात नको. तसबिरीचा खिळा कोणी ठोकलाय हे कोणाला माहीत नसतं. कॉट आधी खालच्या खोलीच्या दारातून जाते का तेही मोजा, जुन्या घरांत दारं अडीच फुटांचीच असतात.

राहिला आईंचा पाळणा. तो टांगाच. बाराव्या दिवशी नाव कशात ठेवणार? दिवसा, कोणीतरी शेजारी बसलेलं असताना झोका द्यायला पाळण्यासारखं काही नाही. रात्रीची झोप मात्र कॉटमध्ये, कारण पाळण्याचा तळ कापडी असेल तर बाळ त्यात गोळा होतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. लाकडी असेल तर त्याच्याही गजांतून ठोकळा घालून बघा, जुन्या पाळण्यांचे गज फार विरळ असतात. आणि टांगायच्या आधी कडीला तुम्ही स्वतः लोंबकळून बघा. नंतर वडिलांनाही लोंबकळायला सांगा, त्यांना सुतारकामात मत द्यायचंच आहे तर.