खाण बंद पडली, वारसा उरला

प्रश्न : वेल्समध्ये शिकणारी माझी नात लानबेरिसजवळची दिनॉर्विक ही पाटीच्या दगडाची जुनी खाण पाहून आली. तिने पाठवलेल्या छायाचित्रांत उभा कापलेला डोंगर आणि चुऱ्याचे ढीग एवढेच दिसते. याला जागतिक वारसा का म्हणावे? आणि तो दगड आपल्या शहाबादी फरशीसारखाच असतो का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दगडापासून सुरुवात करू. शहाबादी फरशी हा चुनखडक असून तो जसा थरावर थर साचत गेला, त्याच थरांवर सुटतो. वेल्सची पाटी मुळात समुद्रतळाचा चिखल. परंतु भूगर्भातील प्रचंड दाबामुळे तिच्यातील अभ्रकासारखी चपटी खनिजे दाबाच्या दिशेशी काटकोन करून एका रांगेत बसली, त्यामुळे ती मूळ थरांवर नव्हे, तर या नव्या प्रतलांवर उकलते. कारागीर ठोकळा मांडीला टेकवून, कडेवर रुंद पात्याची छिन्नी धरून हलकेच ठोकतो आणि छपरावर घालण्याजोगा पातळ पापुद्रा सुटा करतो. उपयोगी मालाच्या कितीतरी पट दगड वाया जात असल्याने ढिगारे अटळच होते.

युनेस्कोने 2021 मध्ये मान्यता दिली ती एकट्या खड्ड्याला नव्हे, तर वायव्य वेल्समधील खाणी, कामगारवस्त्या, अरुंद रुळांचे मार्ग आणि बंदर यांनी मिळून घडलेल्या भूदृश्याला. दिनॉर्विकची खाण 1969 मध्ये बंद पडली; तिच्या 1870 च्या कर्मशाळेत 1972 पासून संग्रहालय असून तेथील पाणचक्कीचा व्यास पंधरा मीटरहून अधिक आहे.

माझ्या मते खरा वारसा कामाच्या पद्धतीत आहे. चार-पाच जणांची टोळी कातळाचा ठरावीक पट्टा उक्ता घेई आणि दगडाचा कस पाहून त्याचा दर दरमहा ठरे. दगड वाईट निघाला तर दर चढा मिळावा, हा त्यामागचा हिशेब. अर्थात दर ठरवणाऱ्याच्या मर्जीवर बरेच अवलंबून असे. जेवणाच्या सुट्टीत कामगार ‘काबान’ नावाच्या खोपटात जमून वेल्श भाषेत वादविवाद आणि गायन करीत. शेजारच्या पेन्रिन खाणीची उभारणी जमैकातील गुलामांच्या श्रमांवर श्रीमंत झालेल्या घराण्याने केली, हेही विसरता येत नाही. तेथेच संघटनेच्या हक्कासाठी नोव्हेंबर 1900 पासून तीन वर्षे संप चालला. ‘या घरात फितूर नाही’ अशा पाट्या खिडक्यांत लागल्या. अखेर कामगार हरले, अनेक जण दक्षिणेकडील कोळसाखाणींत निघून गेले आणि संपकरी व कामावर परतलेले यांच्यातील कटुता बेथेस्डा गावात पुढे पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहिली.