वर्गात टॅब, मोबाईल, स्मार्टबोर्ड आल्याने मुलांचं शिकणं सुधारतं का बिघडतं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सातवीत आहे, शाळा पुढच्या वर्षीपासून टॅब कंपल्सरी करून राहिली आणि घरात दोन पार्ट्या पडल्या आहेत, मिस्टर म्हणतात घेऊन टाकू, तुम्ही म्हणता डोळे जातील. मी नागपुरातच एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला गणित शिकवतो, त्यामुळे डोळ्यांचं डॉक्टरला विचारा, शिकण्याचं मी सांगतो.

माझं मत असं की वस्तू कोणती आहे हे बघूच नका, ती वर्गात कोणाची जागा घेऊन राहिली ते बघा. मास्तरची जागा घेत असेल तर नुकसान, मास्तरला जे जमूच शकत नाही ते करत असेल तर फायदा. आणि हे मी हवेत बोलत नाहीये, आपल्या शेजारच्या गुजरातमध्येच यावर चांगलं काम झालंय. बडोद्यात चौथीच्या मुलांना आठवड्यातून २ तास, एका कॉम्प्युटरवर दोघं-दोघं बसवून, गणिताचे गेम दिले, गणित चांगलंच सुधारलं (२००७ मध्ये ते छापून आलं, त्यातले बॅनर्जी आणि डुफ्लो म्हणजे २०१९ चे नोबेलवाले). पुढे ज्ञानशाला नावाच्या संस्थेच्या वर्गांत लिंडन नावाच्या माणसाने तपासलं तर काय, जिथे कॉम्प्युटरसाठी चालू तासातला वेळ काढला तिथली मुलं उलट मागे पडली आणि जिथे तोच प्रोग्राम शाळेच्या वेळेबाहेर जास्तीचा म्हणून दिला तिथे थोडी पुढे गेली. प्रोग्राम तोच होता हो.

आता मास्तरला न जमणारं म्हणजे काय ते सांगतो. दहावीच्या भूमितीत एक प्रमेय आहे, वर्तुळात अंतर्लिखित केलेल्या कोनाचं माप त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या निम्मं असतं. फळ्यावर मी खडूने एकच आकृती काढणार, टोक वर, मधोमध, सुबक. पोट्ट्यांच्या डोक्यात ते प्रमेय त्या सुबक आकृतीपुरतंच खरं राहतं, पेपरात आकृती तिरपी आली की गेली विकेट. जिओजेब्रा म्हणून फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कोनाचा शिरोबिंदू धरून वर्तुळावरून सरकवायचा. आकृती वाकडीतिकडी होते, पण कोनाचा आकडा ४० चा ४०. सरकवत सरकवत बिंदू जीवेच्या पलीकडे गेला की आकडा टुणकन १४०! "सर, बिघडलं" असा आवाज हमखास येतो, मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतं की दोघांची बेरीज १८० आहे ना, आणि चक्रीय चौकोनाचं (चारही शिरोबिंदू वर्तुळावर असलेल्या चौकोनाचं) प्रमेय मी न सांगताच अर्धं होऊन जातं. पण त्यानंतर मी लॅपटॉप बंद करतो, कारण हे असं होतं एवढंच ते दाखवतं, का होतं ते वहीत, पेननेच लिहावं लागतं. आणि यासाठी लागलं काय तर एक लॅपटॉप, एक प्रोजेक्टर. पोरागणिक टॅब नाही.

याउलट बऱ्याच ठिकाणी काय चालतं तेही बघा. स्मार्टबोर्डसोबत रेडिमेड कंटेंट येतं, शिक्षक बटन दाबतो, गोड आवाजाच्या बाई प्रकाशसंश्लेषण समजावून देतात, वर्ग चिडीचूप म्हणून हेडसर खुश, शेवटी "समजलं का?" "होऽऽऽ". काय समजलं ते घटक चाचणीत कळतं. त्यात आपलं नागपूर, प्रोजेक्टरवरचं दिसायला खिडक्या लावायच्या आणि मार्चच्या शेवटी खिडक्या लावून साठ पोट्टे एका खोलीत बसवून बघा बरं, पंखा नुसता गरम हवा फेकतो, आणि लाईन गेली तर इन्व्हर्टर ऑफिसपुरताच असतो.

प्रत्येकाच्या हातात वेगळा स्क्रीन दिला की भानगड अजून वाढते. पिसा म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलांची आंतरराष्ट्रीय चाचणी, २०२२ च्या पिसात (भारत त्यात नव्हता) ओईसीडी या बहुतांश श्रीमंत देशांच्या गटातल्या सुमारे ६५ टक्के मुलांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना तरी या यंत्रांमुळे लक्ष उडतं. मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते पुढचं, शेजारच्याच्या स्क्रीनमुळे ज्यांचं लक्ष उडत होतं त्यांचे गणिताचे गुण सरासरी १५ ने कमी होते. म्हणजे तुमची मुलगी कितीही गुणी असली तरी बाजूची काय करते यावरही आहे. त्याच चाचणीत शाळेत अभ्यासासाठी दिवसाला तासाभरापर्यंत वापरणारे अजिबात न वापरणाऱ्यांपेक्षा थोडे पुढेही होते, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर मी एकतर्फी बोललो असं होईल. अर्थात यावरून कारण सिद्ध होत नाही, चांगल्या शाळा यंत्रं नीट वापरतात असंही असेल. फ्रान्सने २०१८ मध्ये कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे मोबाईल शाळेत बंद केले, स्वीडन २०२३ पासून परत छापील पुस्तकांवर पैसा लावून राहिलाय. पेरूने मुलांना लाखो लॅपटॉप वाटले आणि तपासलं तेव्हा गणित-भाषेच्या मार्कांत काही फरक नाही, नुसतं वाटून काही होत नाही त्याचं ते उदाहरण.

टॅबचा खरा उपयोग मला एकाच ठिकाणी दिसतो, वर्गात मागे पडलेल्यांसाठी. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर अभ्यास झाला, २०१९ मध्ये छापला, त्यात सहावीतलं सरासरी मूल गणितात अडीच इयत्ता मागे निघालं. आता मी सहावीचं पुस्तक शिकवून राहिलो आणि पोरगं साडेतिसरीत उभं आहे, साठ जणांत मी त्याच्यापर्यंत पोचणार कसा? सॉफ्टवेअर त्याला त्याच्या लेव्हलचं गणित देतं, साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली वाढ झाली. फक्त ते शाळा सुटल्यावरच्या सेंटरमध्ये होतं आणि त्यातला निम्मा वेळ माणूसच शिकवत होता, हे टॅब विकणारे सांगत नाहीत.

बाय द वे, वर्गात मोबाईलने सगळ्यात जास्त लक्ष कोणाचं उडतं माहितीये? आमचं, मास्तरांचं. वरून मेसेज येतात, अमुक लिंक आज चारच्या आत भरा, तमुक फोटो पोर्टलवर टाका, आणि इकडे बीजगणित चालू.

तेव्हा पालक सभेत हे विचारा: टॅब शाळेत राहणार का घरी येणार, त्यात शाळेचं सोडून बाकी ॲप बंद असतील का, आठवड्यात किती तास, आणि ते तास कोणत्या विषयाचे कापून देणार? वह्या लिहून घेणं चालू राहील का हेही विचारा, कारण दहावीचा पेपर पेननेच लिहायचा आहे. उत्तरात नुसतं "ॲनिमेशन फार सुंदर आहे" असं आलं तर समजून जा. आणि टॅब आत्ताच बर्डीच्या बाजारातून घेऊन ठेवू नका, विदर्भात शाळा तशीही जून संपता संपता उघडते, तोवर किती पालक नाही म्हणतात ते दिसेलच.